माउथ ऑर्गनचा स्वर वाकतो कसा?

पेटीची एखादी पांढरी पट्टी दाबा आणि भाता हलवा. जो स्वर निघेल तो एकच. भाता जोरात हलवला तर स्वर मोठा होईल, हळू हलवला तर लहान होईल. पण तो आपली जागा सोडणार नाही. शेजारच्या स्वरावर जायचे तर पहिली पट्टी सोडून दुसरी दाबावी लागते. दोन पट्ट्यांच्या मधली वाट पेटीला ठाऊकच नाही. गायक किंवा सारंगीवादक एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जातो, त्याला आपण मींड म्हणतो. ती पेटीवर निघत नाही. प्रामुख्याने याच उणिवेवर बोट ठेवून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती काही प्रमाणात उठण्यास १९७१ साल उजाडावे लागले. ज्या महाराष्ट्राने गोविंदराव टेंबे यांच्यासारखे पेटीवादक ऐकले, तेथेही रेडिओवरून पेटी ऐकू येणे थांबले.

आता गंमत पाहा. पेटीत ज्या तऱ्हेचे धातूचे पाते वाजते, त्याच तऱ्हेचे पाते माउथ ऑर्गनमध्येही वाजते. ‘शोले’ (१९७५) चित्रपटात अमिताभ बच्चन ज्यावर धून वाजवताना दिसतात, तेच हे वाद्य. आणि अमेरिकेतील ब्लूज संगीताचे वादक या वाद्यावर स्वर खुशाल वाकवतात, घसरवतात, रडवतात. मग पेटीचे अडते कुठे? दोष पात्याचा, की आणखी कशाचा? या प्रश्नाचा उलगडा भौतिकशास्त्राच्या साहाय्याने करता येतो. तो करताना आपल्याला जर्मनीतून मिसिसिपीला आणि तेथून शिकागोच्या बाजारात जावे लागेल.

पाते वाजते म्हणजे काय होते?

प्रथम पात्याकडे पाहू. पितळेच्या जाड पट्टीत एक लांबट फट पाडलेली असते. त्या फटीवर पितळेचेच एक पातळ पाते एका टोकाशी घट्ट बसवलेले असते. दुसरे टोक मोकळे. हे पाते फटीपेक्षा किंचित अरुंद असल्यामुळे ते फटीतून आरपार ये-जा करू शकते. म्हणून अशा पात्यास मुक्त पाते म्हणतात. चीनमधील ‘शेंग’ या अतिप्राचीन वाद्यात अशीच पाती असतात. पेटी, अ‍ॅकॉर्डियन आणि माउथ ऑर्गन ही सारी त्याच कुळातली.

हवा पात्याला फटीत ढकलते. पाते फटीत शिरले की हवेची वाट जवळजवळ बंद होते. पाते लवचीक असल्यामुळे उलट फिरते आणि वाट पुन्हा उघडते. असे सेकंदाला शेकडो वेळा घडते. हवेचा अखंड झोत अशा रीतीने तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडतो आणि आपल्या कानाला स्वर ऐकू येतो. नुसते पाते नखाने छेडून पाहिले तर क्षीण ‘टिंग’ एवढाच आवाज येतो. वाद्याचा भरदार आवाज हा कापल्या गेलेल्या हवेचा आवाज होय.

दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे कंप्रता. ती पात्याची लांबी, जाडी आणि धातूचे गुणधर्म यांवर अवलंबून असते. पाते आखूड केले की कंप्रता झपाट्याने वाढते. लांबी निम्मी केली तर ती चौपट होते. टेबलाच्या कडेबाहेर पट्टी धरून छेडली तर याचा अंदाज येईल. पात्याच्या टोकाशी थोडा धातू कानशीने काढला तर टोक हलके होऊन स्वर चढतो. बुडाशी काढला तर पाते नरम होऊन स्वर उतरतो. पेटी दुरुस्त करणारे कारागीर असेच सूर मिळवतात.

एवढे पाहिल्यावर वाटेल, की पात्याचा स्वर तर कारखान्यातच ठरून गेला. वाजवणाऱ्याच्या हाती उरले काय?

दहा भोके, वीस पाती

मथियास होनर हे जर्मनीतील ट्रोसिंगेन गावचे घड्याळजी. त्यांनी १८५७ साली माउथ ऑर्गन बनवण्यास सुरुवात केली. त्यांच्या कारखान्याने १८९६ साली ‘मरीन बँड’ नावाचा दहा भोकांचा बाजा बाजारात आणला. ब्लूजच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे.

या बाजाची रचना नीट समजून घ्या, कारण सारे रहस्य तिच्यातच आहे. प्रत्येक भोकामागे एक लहान कप्पा असतो आणि त्या एकाच कप्प्यावर दोन पाती असतात. एक पाते फुंकल्यावर वाजते, दुसरे श्वास आत ओढल्यावर. सोयीसाठी आपण त्यांना ‘फुंकेचे पाते’ आणि ‘ओढीचे पाते’ म्हणू. दहा भोके, वीस पाती.

बाजा पांढरी एकचा, म्हणजे पाश्चात्त्य भाषेत ‘सी’चा आहे असे समजू. पांढरी एक हा सा मानला तर पहिल्या भोकापासून दहाव्यापर्यंत फुंकेचे स्वर असे येतात : सा ग प, सा ग प, सा ग प, सा. ओढीचे स्वर असे : रे प नी, रे म ध, नी रे म ध.

आता तपासा. मधल्या सप्तकात (चौथे ते सातवे भोक) सातही शुद्ध स्वर मिळतात. पण खालच्या सप्तकात म आणि ध हे दोन स्वर नाहीतच! तेथे ओढीचा प मुद्दाम घातलेला आहे. कारण तोंडात तीन-चार भोके एकदम धरून युरोपातील लोकगीतांना साथीचे स्वरसमूह वाजवता यावेत, हा कारागिरांचा हेतू होता. चालीसाठी मधले सप्तक, साथीसाठी खालचे. कोमल स्वर तर कुठेच नाहीत. ज्या गाण्यांसाठी बाजा बनला त्यांना त्यांची गरज नव्हती.

हा बाजा मिसिसिपीत पोचला

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, परंतु दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांचे हाल संपले नाहीत. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात कापसाच्या शेतांवर ते वाट्याने राबत आणि बहुधा कर्जातच राहत. त्यांच्या श्रमगीतांतून, प्रार्थनांतून, शेतातील हाकांतून जे गाणे घडले ते ब्लूज. या गाण्यातील गांधार कोमल आणि शुद्ध यांच्यामध्ये कुठेतरी लागतो. निषाद कोमलाकडे झुकतो. पंचम कधी उतरून तीव्र मध्यमाजवळ येतो. यांना ‘ब्लू नोट’ म्हणतात. आपल्याकडील श्रुतींची कल्पना ज्यांना आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

गिटारवाले बाटलीची मान किंवा चाकूचे पाते तारेवर घसरवून हे स्वर काढू लागले. पण खिशात मावणारे आणि स्वस्तात मिळणारे वाद्य होते माउथ ऑर्गन. आणि त्यात हे स्वर मुळीच नव्हते. मग या वादकांनी दोन युक्त्या शोधल्या.

पहिली युक्ती षड्ज बदलण्याची. पांढरी एकचा बाजा घेऊन त्यांनी गाणे धरले पांढरी पाचमध्ये, म्हणजे बाजाच्या प ला सा मानले. आपल्याकडील मूर्च्छनेसारखाच हा प्रकार. असे केल्यावर त्याच स्वरांचे सप्तक सा रे ग म प ध आणि कोमल नी असे होते, म्हणजे खमाज थाट! एक कोमल स्वर विनासायास पदरात पडला. शिवाय पहिली चार भोके एकदम ओढली की नव्या षड्जाचा पूर्ण स्वरसमूह मिळतो आणि पहिली तीन फुंकली की नव्या मध्यमाचा. अशा वादनात फुंकरीपेक्षा ओढलेल्या श्वासाला महत्त्व येते.

दुसरी युक्ती त्याहून मोठी, स्वर वाकवण्याची. तोंडाचा आणि जिभेचा आकार बदलून ओढीचा स्वर खाली उतरवायचा. हे पात्याला शक्य नाही असे वाटत होते ना? तरीही ते घडते.

एका कप्प्यातले दोन शेजारी

‘जोराने ओढले की पाते वाकते आणि स्वर उतरतो’ असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. कसबी वादक अगदी हळुवार श्वासानेही स्वर वाकवतो. जोर लावल्याने होते ते एवढेच, की पात्याच्या बुडाशी धातू थकतो, सूक्ष्म भेग पडते, पाते नरम होते आणि बाजा कायमचा बेसूर होतो.

खरा प्रकार असा. चौथे भोक घ्या. तेथे फुंकेचे पाते तार सा चे, कंप्रता सुमारे ५२३ हर्ट्‌झ. ओढीचे पाते तार रे चे, सुमारे ५८७ हर्ट्‌झ. फुंकेचे पाते कप्प्याच्या आतल्या बाजूस बसवलेले असते, ओढीचे बाहेरच्या. तुम्ही श्वास आत ओढता तेव्हा हवा ओढीच्या पात्याला फटीत खेचते. म्हणून त्याला आपण ‘मिटणारे पाते’ म्हणू. त्याच वेळी दुसऱ्या बाजूचे फुंकेचे पाते त्याच हवेमुळे फटीपासून दूर उचलले जाते. ते ‘उघडणारे पाते’. साध्या वादनात उघडणारे पाते जवळजवळ स्वस्थ असते.

या दोघांचे स्वभाव विरुद्ध आहेत. मिटणारे पाते वाजते तेव्हा ते आपल्या स्वाभाविक कंप्रतेहून थोडे खाली वाजू शकते, वर नाही. उघडणारे पाते वाजलेच, तर ते आपल्या स्वाभाविक कंप्रतेहून थोडे वरच वाजते. आता चौथ्या भोकात काय होईल ते पाहा. वादक तोंडाचा आकार बदलून खालच्या स्वराला अनुकूल परिस्थिती निर्माण करतो. ५८७ चे पाते खाली खेचले जाते आणि ५२३ चे पाते जागे होऊन आपल्या जागेहून वर वाजू लागते. दोघेही मधोमध भेटतात, ५५४ हर्ट्‌झच्या आसपास. हा रे आणि सा यांच्या मधला कोमल रे. तो बाजात कुणीही बसवलेला नाही. दोन शेजाऱ्यांनी मिळून तो निर्माण केला. मोठ्या उतारात तर मूळ पाते बरेच गप्प होते आणि आवाजाची बहुतेक जबाबदारी उघडणारे पाते उचलते.

यावरून एक सोपा नियम निघतो. वाकवलेला स्वर त्या कप्प्यातील खालच्या पात्याहून अर्धा स्वर वर येऊन थांबतो. म्हणजे दोन पात्यांत जितक्या अर्ध्या स्वरांचे अंतर, त्यातून एक वजा केला की वाकवून मिळणाऱ्या पूर्ण स्वरांची संख्या येते. तिसऱ्या भोकात प (३९२ हर्ट्‌झ) आणि नी (४९४ हर्ट्‌झ) आहेत. अंतर चार अर्धे स्वर. म्हणून तेथे तीन नवे स्वर मिळतात : सुमारे ४६६, ४४० आणि ४१५ हर्ट्‌झ. दुसऱ्या भोकात ग आणि प यांत अंतर तीन. तेथे दोन स्वर मिळतात, ३७० आणि ३४९ हर्ट्‌झ. पाचव्या भोकात ग आणि म यांत अंतर एकच. तेथे पूर्ण स्वर एकही मिळत नाही, फक्त किंचित घसरण होते.

आता मघाच्या गाळलेल्या जागा आठवा. ३४९ हर्ट्‌झ म्हणजे खालच्या सप्तकातला हरवलेला म. ४४० हर्ट्‌झ म्हणजे हरवलेला ध. आणि पांढरी पाच षड्ज धरल्यास ४६६ हर्ट्‌झ हा कोमल गांधार, तर चौथ्या भोकातला ५५४ हर्ट्‌झ हा तीव्र मध्यम! तिसऱ्या भोकात ४९४ पासून ४६६ पर्यंत सावकाश घसरत गेले की ब्लूजला हवा असलेला, शुद्ध आणि कोमल यांच्या मधला गांधार वाटेत सापडतो. जर्मन कारागिरांनी जे स्वर घातलेच नव्हते, ते मिसिसिपीच्या शेतमजुरांनी त्याच वीस पात्यांतून काढून घेतले. त्यांना यातले गणित कोणी शिकवले नव्हते. त्यांच्याजवळ कान होता आणि गाण्याची निकड होती.

शास्त्रज्ञांनी या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास बराच उशिरा केला. हेन्री बानसन हे पिट्सबर्गचे नामांकित हृदयशल्यचिकित्सक होते. त्यांनी जेम्स अँटाकी आणि क्विंटर बिअरी या सहकाऱ्यांसह १९९८ साली या दोन पात्यांच्या वर्तनावर सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंत वादक सत्तर-ऐंशी वर्षे स्वर वाकवत आलेच होते.

तोंड हेही वाद्यच

आता प्रश्न उरतो, की तोंडाचा आकार बदलल्याने पात्यांना काय कळते? रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ‘भूं’ असा आवाज येतो. बाटलीत पाणी घातले की तो चढतो. बाटलीतील हवेला स्वतःची अशी कंप्रता असते. तीच गोष्ट तुमच्या तोंडातील हवेची. खात्री करायची असेल तर आवाज न काढता, नुसत्या श्वासाने कुजबुजत ‘ई’ म्हणा आणि हळूहळू ‘ऊ’ कडे या. श्वासाचा सळसळाट वरून खाली उतरताना स्पष्ट ऐकू येईल. घशातील स्वरतंतू वाजत नसतानाही हा बदल झाला, तो केवळ पोकळीचा आकार बदलल्यामुळे.

स्वर वाकवताना वादक हेच करतो. जिभेचा मागचा भाग उचलून, पुढे-मागे सरकवून तो तोंडातील हवेची कंप्रता हव्या त्या स्वराजवळ आणतो. मग अनुनादामुळे पात्यांना त्या कंप्रतेने हलणे सोपे जाते. कप्पा लहान, ओठ कप्प्याला चिकटलेले आणि तोंडाची पोकळी लगेच मागे. त्यामुळे पाती आणि तोंडातील हवा यांची एकच जोडयंत्रणा बनते.

पेटीत यातले काहीच नाही. भात्याची हवा मोठ्या पेटीत साठते, तिचा आकार वादकाला बदलता येत नाही. हवा एकाच दिशेने वाहते आणि प्रत्येक पात्याला आपापली स्वतंत्र फट असते. उलट दिशेचा शेजारी त्याला नसतो. तेव्हा लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दोष पात्याचा नाही. पाते वाकायला तयार असते. त्याला वाकवू शकेल असा सोबती पेटीत नाही आणि माउथ ऑर्गनमध्ये आहे.

शिकागोच्या रस्त्यावर

विसाव्या शतकात लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिण सोडून उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत आली. त्यांच्याबरोबर ब्लूज शिकागोत आले. १९३७ पासून ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या जॉन ली ‘सनी बॉय’ विल्यमसन यांनी माउथ ऑर्गनला साथीच्या रांगेतून पुढे आणले. १९४८ साली शिकागोत रस्त्यावर झालेल्या लुटीच्या हल्ल्यात ते मारले गेले, तेव्हा त्यांचे वय केवळ ३४ होते.

शिकागोत मॅक्सवेल स्ट्रीट नावाचा मोठा उघडा बाजार भरे. रविवारी तेथे वादक पदपथावर उभे राहून वाजवत. जवळच्या घरातून विजेची तार ओढून ध्वनिवर्धक लावत, कारण बाजाराच्या गोंगाटात साध्या बाजाचा आवाज पोचणे कठीण. लुइझियानातून आलेला लिटल वॉल्टर (१९३०–१९६८) हा तरुण अशाच ठिकाणी घडला. त्याने साधा मायक्रोफोन बाजासकट ओंजळीत घट्ट धरला आणि ध्वनिवर्धकाला पेलवणार नाही इतका आवाज त्यात ओतला. आता भौतिकशास्त्र पाहा : ध्वनिवर्धकाची मर्यादा संपली की तरंगाचे माथे सपाट कापले जातात. तरंगाचा आकार बदलला की मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतांचे नवे अधिस्वर त्यात मिसळतात. आवाज जाड आणि खरखरीत होतो. छोटासा बाजा सॅक्सोफोनसारखा गर्जू लागतो. त्याची ‘ज्यूक’ ही नुसत्या वादनाची ध्वनिमुद्रिका १९५२ साली अमेरिकेतील रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली.

ओंजळ उघडझाप केली की निघणारा ‘वा-वा’ हा परिणामही अनुनादाचाच. ओंजळ मिटली की उंच अधिस्वर दबतात, उघडली की मोकळे होतात.

जॅम : न ठरवता एकत्र वाजवणे

मॅक्सवेल स्ट्रीटवर काय किंवा शिकागोच्या छोट्या क्लबांत काय, एकमेकांना कधी न भेटलेले वादक एकत्र उभे राहून तास न् तास वाजवत. कागद नाही, तालीम नाही. अशा बैठकीस ‘जॅम सेशन’ म्हणतात. ही जादू नव्हे. सर्वांना ठाऊक असलेला एक सांगाडा तिच्यामागे असतो.

ब्लूजचे आवर्तन बारा ‘बार’चे असते. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. पहिले चार बार षड्जाच्या स्वरसमूहाचे, पाचवा-सहावा मध्यमाचे, सातवा-आठवा पुन्हा षड्जाचे, नववा पंचमाचा, दहावा मध्यमाचा आणि शेवटचे दोन षड्जाचे. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक आवर्तन २४ सेकंदांत पुरे होते. आपल्याकडे तबलजी आणि गायक समेवर भेटतात, तसे हे सर्वजण तेराव्या बारवर, म्हणजे नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर भेटतात.

म्होरक्या फक्त पट्टी आणि लय सांगतो. माउथ ऑर्गनवाल्याच्या पट्ट्यात किंवा पिशवीत निरनिराळ्या पट्ट्यांचे बाजे असतात. त्याचा हिशोब सोपा : गाण्याच्या षड्जाचा जो मध्यम, त्या पट्टीचा बाजा. गाणे पांढरी पाचमध्ये (जी) असेल तर पांढरी एकचा (सी). गाणे पांढरी तीनमध्ये (ई) असेल तर पांढरी सहाचा (ए). गिटारवाल्यांना मोकळ्या तारांमुळे ई आणि ए या पट्ट्या सोयीच्या पडतात, म्हणून ए आणि डी चे बाजे वादकाजवळ हवेतच.

यापुढील नियम शिस्तीचे. गायक गात असताना त्याच्या ओळीवर वाजवायचे नाही. ओळ संपल्यावर उरलेल्या जागेत उत्तर द्यायचे. म्होरक्याने मान हलवली की आपली पाळी. एक-दोन आवर्तने वाजवून ती दुसऱ्याला द्यायची. दुसरा माउथ ऑर्गनवाला वाजवत असेल तर आपण थांबायचे, कारण दोन वाकवलेले स्वर क्वचितच तंतोतंत जुळतात आणि त्यांतून नको असलेले विस्पंद ऐकू येतात. या बैठका नवख्यांच्या शाळाही होत्या आणि परीक्षाही. ज्याला समोरच्याचे ऐकता येत नाही, त्याला तेथे फार काळ कुणी उभे राहू देत नसे.

करून पाहा

१. आपल्याकडे दुकानांत बहुधा चोवीस भोकांचा, दोन ओळींचा माउथ ऑर्गन मिळतो. त्यात प्रत्येक स्वरासाठी वर-खाली दोन पाती असतात आणि ती मुद्दाम किंचित वेगळी लावलेली असतात. समजा एक ४४० हर्ट्‌झचे आणि दुसरे ४४४ चे असेल, तर सेकंदाला ४ विस्पंद ऐकू येतील. वरची ओळ कागदाच्या पट्टीने झाकून वाजवा. थरथर नाहीशी होईल. या बाजात मात्र प्रत्येक बारीक भोकाला एकच पाते असल्याने वर सांगितल्याप्रमाणे स्वर वाकत नाही.

२. दहा भोकांचा बाजा मिळाला तर शिक्षकांच्या मदतीने खालचे झाकण उघडा. चौथ्या भोकाचे ओढीचे पाते बोटाने हलकेच दाबून धरा आणि स्वर वाकवण्यासाठी लागतो तसा तोंडाचा आकार करून श्वास ओढा. जमले तर ओढीचे पाते बंद असूनही स्वर निघेल! तो फुंकेच्या पात्याचा, पण त्याच्या नेहमीच्या स्वराहून अर्धा स्वर वरचा. उघडणाऱ्या पात्याचा हा प्रत्यक्ष पुरावा. मोबाइल फोनवर कंप्रता दाखवणारी सोय असल्यास आकडे टिपून घ्या. बाजा एकमेकांचा तोंडाला लावू नका.

३. शेवटी एक कोडे. सातव्या भोकापासून पुढे फुंकेचा स्वर वरचा आणि ओढीचा खालचा असा क्रम उलटतो. तर आठव्या, नवव्या आणि दहाव्या भोकांत वाकवायचा स्वर फुंकेचा असेल की ओढीचा? आणि प्रत्येक भोकात किती नवे स्वर मिळतील? नियम तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर एक, एक आणि दोन असे आले, तर दोन शेजाऱ्यांची गोष्ट तुम्हाला नीट समजली.